इसाराचा शब्द

"साहेब, पैसे सगळे दिलेत. सहा वर्षं झाली घर बांधून. लाइटचं बिल माझ्या नावावर, घरपट्टी माझ्या नावावर. आन् तुम्ही म्हणता, प्लॉट माझा नाही?"

बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर असताना हा प्रश्न मी किती वेळा ऐकला, याची मोजदाद नाही. पण हे एक गृहस्थ लक्षात राहिले ते त्यांच्या पत्नीमुळे. वाळूजच्या कारखान्यात नोकरी, सातारा-देवळाईकडे छोटासा प्लॉट, आणि पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेला शंभर रुपयांचा बॉन्ड. त्यावर नोटरीचा शिक्का, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. वरचा मजला चढवायला कर्ज हवे होते. मी नेहमीचे उत्तर दिले. हे खरेदीखत नव्हे, यावर बँकेला घर गहाण घेता येणार नाही. गृहस्थ चिडले. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "मग हा कागद आहे तरी कशाचा?"

इतका नेमका प्रश्न मला आमच्या पॅनेलवरच्या वकिलांनीही कधी विचारला नव्हता. त्या वेळी मी त्यांना काहीतरी गोलमाल उत्तर दिले. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा हा प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत राहिला. कारण आपल्या छत्रपती संभाजीनगरात आणि भोवतालच्या गावांत असा कागद नाही असे घर शोधावे लागेल. कुणाकडे इसारपावती आहे, कुणाकडे सौदाचिठ्ठी, कुणाकडे साठेखत. नावे वेगळी, पण जात एकच.

साखरपुडा आणि लग्न

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे. त्याचे कलम ५४ सांगते, की विक्रीचा करार हा पुढे विक्री होईल असे सांगणारा करार आहे. त्या कराराने त्या मालमत्तेत घेणाऱ्याचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. हक्क निर्माण होतो तो खरेदीखताने, आणि तेही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदले गेल्यावर. म्हणजे इसार हा साखरपुडा, आणि खरेदीखत हे लग्न. साखरपुड्याला चारशे पाने वाढली म्हणून लग्न लागले असे होत नाही. तसेच इसारात पूर्ण रक्कम दिली म्हणून मालकी येत नाही.

मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र करून जागा 'विकण्याची' एक पद्धत दिल्लीकडे फार फोफावली होती. आपल्याकडेही तिचे भाऊबंद होतेच. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की अशा कागदांनी मालकी बदलत नाही.

मग त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर काय? तो कागद एका शब्दाचा आहे. समोरच्याने दिलेल्या शब्दाचा. आणि इथेच साखरपुड्याची उपमा संपते. साखरपुडा मोडला तर कोणतेही न्यायालय कुणाला बोहल्यावर उभे करीत नाही. जमिनीच्या बाबतीत मात्र न्यायालय तसे करू शकते.

न्यायालयाची सही

करार मोडला तर नुकसानभरपाई द्यावी, हा सर्वसाधारण नियम. शंभर पोती गहू देतो म्हणून एकाने दिला नाही, तर दुसऱ्याकडून घ्यावा आणि जादा पडलेले पैसे पहिल्याकडून वसूल करावेत. पण जमिनीचा एक तुकडा दुसऱ्यासारखा नसतो. विहिरीजवळचा, रस्त्याला लागलेला, भावाच्या घराशेजारचा; त्याची बरोबरी पैशाने होत नाही. म्हणून स्थावर मालमत्तेच्या बाबतीत कायद्याने वेगळी वाट ठेवली. इंग्रजी अमदानीत १८७७ साली त्यासाठी कायदा झाला आणि त्याच्या जागी १९६३ चा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम आला. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे. जे करीन म्हणालात, तेच करा.

असा दावा लावणाऱ्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, मुदत. करारात खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षे. ठरली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून तीन वर्षे. दुसरी गोष्ट अधिक कठीण. घेणारा स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्यवहार पुरा करायला तयार होता आणि तशी त्याची ऐपत होती, हे त्याला सिद्ध करावे लागते. उरलेले पैसे कुठून आणणार होतात? खात्यात होते का? नोटीस कधी दिलीत? ठरल्या दिवशी निबंधकाच्या कार्यालयात गेला होतात का? दाव्यांचे निकाल वाचताना असे दिसते, की मोठे मोठे दावे या साध्या प्रश्नांवर कोसळतात. इसार देऊन 'पुढचे बघू' म्हणणाऱ्याला न्यायालय जवळ करीत नाही.

आणि दावा जिंकला तर? विकणारा तरीही सही करीत नसेल तर? दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याचीही सोय आहे. न्यायालय खरेदीखताचा मसुदा मंजूर करते आणि न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी विकणाऱ्याच्या वतीने सही करतो. ती सही मालकाने केल्यासारखीच मानली जाते. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला हा प्रसंग फार विलक्षण वाटतो. एका माणसाने शब्द दिला, तो फिरला, आणि अखेर त्याच्या शब्दाखाली सरकारी माणसाने सही केली. समाजात शब्दाला किंमत राहावी म्हणून राज्यसंस्था किती दूर जाते, याचे हे उदाहरण आहे.

भाव वाढतो, दावा चालतो

आता या व्यवस्थेची अडचण पाहू. ती कायद्यात कमी आणि घड्याळात जास्त आहे.

या शहराने गेल्या पन्नास वर्षांत जमिनीचे भाव कसे चढतात ते डोळ्यांनी पाहिले आहे. सत्तरच्या दशकात सिडको आली, मग वाळूजची औद्योगिक वसाहत वाढली, पुढे शेंद्रा आणि बिडकीन, आणि अलीकडे समृद्धी महामार्ग. प्रत्येक घोषणेबरोबर कुठल्या तरी गावची ज्वारीची जमीन एका रात्रीत 'रोड टच' झाली. असा भाव चढला की इसार घेतलेल्या मालकाच्या घरात चुळबुळ सुरू होते. 'त्याच्याकडून घेतलेले दोन लाख परत देऊ, दुसरा चौपट देतोय.' शब्द फिरतो तो इथे. फिरवणारा माणूस प्रत्येक वेळी लबाड असतो असेही नाही. पुष्कळदा तो केवळ शेजाऱ्याच्या सौद्याचा आकडा ऐकून आलेला असतो.

दावा लागतो. कनिष्ठ न्यायालय, जिल्हा न्यायालय, मग जालना रोडवरचे उच्च न्यायालयाचे खंडपीठ. हे खंडपीठ १९८१ साली इथे आले म्हणून मराठवाड्यातल्या माणसाचा मुंबईचा हेलपाटा वाचला, हे मान्यच. पण पायऱ्या तेवढ्याच राहिल्या. मुंबईतल्या एका सदनिकेच्या १९६६ सालच्या कराराचा वाद सर्वोच्च न्यायालयात २००२ साली संपला. छत्तीस वर्षे! तोवर सदनिकेची किंमत कुठच्या कुठे गेली होती. भाव वाढला म्हणून घेणाऱ्याला हक्क नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण वाढलेल्या भावापोटी त्याने जादा रक्कम द्यावी असेही सांगितले.

हा पेच न्यायाधीशांनाही सुटत नव्हता. जमिनीच्या व्यवहारात वेळेला फारसे महत्त्व नाही, अशी जुनी समजूत होती. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की शहरी जागांचे भाव झपाट्याने वाढत असताना ठरलेल्या मुदतीकडे काणाडोळा करता येत नाही. २०११ साली आणखी एका निकालात ती जुनी समजूत भाव स्थिर असलेल्या काळातली आहे, तिचा फेरविचार हवा, असे मत आले. एक लाखाच्या सौद्यात पाच हजार इसार देऊन वर्षानुवर्षे गप्प बसणारा आणि भाव चढल्यावर जागा होणारा खरेदीदार न्यायालयाला दिसत होता. म्हणून न्यायाधीश आपला विवेक वापरत. कायद्यानेच त्यांना तशी मुभा दिली होती. कायदेशीर आहे एवढ्याच कारणाने हुकूम दिलाच पाहिजे असे बंधन त्यांच्यावर नव्हते. विकणाऱ्यावर अनपेक्षित आपत्ती येत असेल, घेणाऱ्याने गैरफायदा घेतला असेल, तर केवळ पैसे परत देण्याचा हुकूम होई.

संसदेने २०१८ साली ही मुभा काढून घेतली. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून सुधारित कायदा लागू झाला. आता करार वैध असेल, घेणाऱ्याची तयारी सिद्ध असेल आणि कायद्यातलेच एखादे अपवादाचे कारण नसेल, तर न्यायालयाने तो पाळायला लावलाच पाहिजे. आधीच्या व्यवहारांना हा बदल लागू होतो का, यावर सर्वोच्च न्यायालयातही एकवाक्यता राहिली नाही. २०२२ साली दिलेला निकाल २०२४ साली पुनर्विलोकनात मागे घेतला गेला.

शब्द पाळलाच पाहिजे, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. ज्या समाजात सौदा मोडणे फायद्याचे ठरते, तिथे सरळ माणूस कायम तोट्यात राहतो. पण त्याच सुधारणेत आणखी एक वचन आहे, त्याची आठवण कुणी काढत नाही. असा दावा प्रतिवादीला समन्स पोचल्यापासून बारा महिन्यांत निकाली काढावा, फार तर सहा महिने वाढवावेत, असे कायद्याच्या कलम २०-सी मध्ये लिहिले आहे. नागरिकाने दिलेला शब्द सक्तीने पाळून घेणाऱ्या शासनाने आपला हा शब्द कितपत पाळला, ते कोणत्याही दिवाणी न्यायालयाच्या दारातल्या पक्षकाराला विचारावे.

सौद्याच्या पोटातले कर्ज

आणि आता ती बाजू, जी बँकेत बसून मी जवळून पाहिली.

फुलंब्री तालुक्यातले एक शेतकरी आमचे पीककर्जाचे खातेदार होते. वयाने माझ्या वडिलांएवढे, मी त्यांना बाबा म्हणे. एके वर्षी त्यांची दोन एकर जमीन एका सौदाचिठ्ठीत अडकल्याचे कळले. "बाबा, जमीन विकली का?" मी विचारले. ते म्हणाले, "विकतो कशाला? पोरीच्या लग्नाला पैसे घेतले व्हते. त्यानं म्हणलं, कागद लागतो. म्या सही दिली."

कागदावर होते ते असे. दोन एकर जमीन अमुक किमतीला विकण्याचे ठरले, इसारापोटी एवढी रक्कम मिळाली, अकरा महिन्यांत खरेदीखत करून देईन. व्याजाचा शब्दही नव्हता. बाबांनी दोन वर्षे पैसे फेडले, त्याची पावती नव्हती. मग रस्ता मंजूर झाला, भाव चढला, आणि समोरचा करार पाळून घ्यायला न्यायालयात गेला. अनेक तारखांनंतर लोकअदालतीत तडजोड झाली. एक एकर गेली, एक राहिली. बाबा म्हणाले, "अर्धी राहिली, देवच पावला." मला मात्र तो देव काही पावलेला दिसला नाही.

कर्जाला तारण म्हणून लिहून घेतलेल्या अशा सौदाचिठ्ठ्या मराठवाड्यात नव्या नाहीत. सावकाराला परवाना नको असतो, व्याजाचा हिशेब नको असतो. म्हणून कर्ज सौद्याच्या पोटात लपवले जाते. पूर्वी न्यायाधीशाला संशय आला तर गैरफायद्याच्या मुद्द्यावर हुकूम नाकारण्याचे दार उघडे होते. आता ते दार बंद झाले आहे. हा खरा विक्रीचा करार नव्हताच, कर्जाचे तारण होते, असा बचाव आजही घेता येतो. परंतु तो शेतकऱ्याने सिद्ध करायचा, आणि तोही स्वतःच सही केलेल्या कागदाच्या विरुद्ध. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. सावकारीच्या व्यवहारात जमीन सावकाराच्या ताब्यात गेली असेल, तर चौकशी करून ती परत देण्याचा आदेश सहकार खात्याचे जिल्हा निबंधक देऊ शकतात. हे किती शेतकऱ्यांना ठाऊक आहे? पीककर्ज वेळेवर आणि पुरेसे न देणाऱ्या आम्हा बँकवाल्यांनी तरी त्यांना ते कधी सांगितले?

म्हणून माझे म्हणणे असे. शब्द पाळून घेण्याची सक्ती योग्य आहे. पण जिथे सक्ती आली, तिथे तो शब्द मुळात खरा होता का, हे तपासण्याची जबाबदारीही तितकीच वाढली. किमतीच्या मानाने इसार अवाच्या सवा मोठा आहे का, किंमत बाजारभावापेक्षा फार कमी लावली आहे का, घेणाऱ्याचा असल्या व्यवहारांचाच धंदा आहे का, हे प्रश्न सुरुवातीलाच विचारले गेले पाहिजेत. ते दहा वर्षांनी विचारून उपयोग नाही.

तुकड्यांचे शहर

पुन्हा त्या बॉन्डकडे येऊ. लोक खरेदीखत का करीत नाहीत? नोंदणीचा खर्च वाचवायला, हे अर्धेच उत्तर. पुष्कळांना ते करताच येत नव्हते. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून आला. हेतू चांगला होता. पण शहर शेतात घुसले आणि कामगाराला हवा होता एक गुंठा. कायदा गुंठा विकू देईना, शहर दुसरीकडे राहू देईना. मग बॉन्डचा धंदा वाढला. पुंडलिकनगरसारख्या वसाहती अशाच गुंठेवारीत उभ्या राहिल्या. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ साली त्याची मुदत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून तुकड्यांच्या दस्तांची नोंदणी अडवली. मे २०२२ मध्ये इथल्याच खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. २०२५ साली शासनाने नागरी भागातले जुने तुकडे नियमित करण्याची घोषणा विधिमंडळात केली. एवढ्या वळणांतून वकिलालाही वाट काढणे अवघड, तिथे पाळीवरून थकून आलेल्या कामगाराची काय कथा?

बॉन्डवाल्यांनी काही गोष्टी मात्र समजून घ्याव्यात. महापालिकेकडून गुंठेवारी नियमित झाली म्हणजे मालकीचा वाद मिटला असे नव्हे. मूळ मालकाकडून खरेदीखत घेणे शक्य असेल तेव्हा ते घ्यावेच. ताबा दिलेला करार असेल तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागते. ते भरले नसेल तर न्यायालय तो कागद शुल्क आणि दंड भरेपर्यंत वाचतही नाही. दावा लावण्याची तीन वर्षे उलटून गेली असली तरी, करारानुसार ताब्यात असलेल्या आणि आपली बाजू पुरी करायला तयार असलेल्या माणसाला ताबा राखण्याचे संरक्षण मागता येते. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले. मात्र २००१ सालच्या सप्टेंबरनंतरचा करार नोंदलेला नसेल, तर हेही संरक्षण मिळत नाही. आणि हे संरक्षण म्हणजे ढाल आहे. ढालीने घर राखता येते, पण विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही.

बहिणीची सही

घरोघरी आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. वडिलोपार्जित जमिनीचा सौदा भाऊ करतात, बहिणींना विचारत नाहीत. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा देणारा कायदा केला होता. २००५ साली केंद्राने तो देशभर केला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच्या शंका दूर केल्या. तरीही इसारपावतीवर बहिणीची सही नसते. 'ती काय, हक्कसोड देईलच' असे गृहीत धरलेले असते. मग ती देत नाही, आणि का द्यावी? घेणाऱ्याला फक्त भावांच्या वाट्यापुरता हुकूम मिळतो, पुढे वाटपाचा दावा, आणि भाऊबीज बंद. न्यायालय दिलेला शब्द पाळायला लावते. न दिलेला शब्द कसा पाळायला लावणार?

तेव्हा इसार देताना आणि घेताना थोडे थांबावे. सातबारा आणि फेरफार पाहावेत, तीस वर्षांचा शोध घ्यावा, सगळ्या वारसांच्या सह्या घ्याव्यात, रक्कम बँकेतून द्यावी, खरेदीची तारीख लिहावी आणि करार नोंदवावा. पूर्वीच्या शंभराच्या जागी आता बहुतेक कामांना पाचशेचा मुद्रांक लागतो. त्याने कागद महाग झाला, खरा झाला नाही. बिल्डरकडून सदनिका घेत असाल तर दहा टक्क्यांहून जास्त रक्कम देण्याआधी नोंदलेला करार मागण्याचा हक्क महारेराच्या कायद्याने तुम्हाला दिला आहे. तो भीड न बाळगता वापरावा. आणि कर्ज हवे असेल तर कर्जाचाच कागद करावा. गरजेपोटी सौद्याच्या कागदावर सही करू नये, समोरचा कितीही जवळचा असला तरी.

ते गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी पुन्हा एकदा बँकेत आले होते. मूळ मालक वारला होता, मुले दुसऱ्या गावी होती, त्यांना शोधून खरेदीखत करून घेण्याची खटपट चालू होती. "थोरला पोरगा तयार झाला," बाई सांगत होत्या, "म्हणला, माझ्या बापानं पैसे घेतलेत, मी सही देतो." एकूण तीन भावंडे होती. दोघांच्या सह्या राहिल्या होत्या. कर्ज मला त्याही वेळी देता आले नाही. पण ज्याच्यावर कुठल्याही न्यायालयाचा हुकूम नव्हता, त्या थोरल्या मुलाचे ते वाक्य माझ्या वहीत मी लिहून ठेवले आहे.